सतरा नंबर आणि देवकाते ताई

लॅबमधल्या माझ्या पहिल्या दिवशी देवकाते ताईंनी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि वास घेतला.

"घरून आणलंस?"

"हो."

"कुठून येतीस?"

"फुलंब्रीहून."

"मग बाटली बाहेर ठेव. आत पाणीसुद्धा आपलं चालत नाय."

बाटलीत नुसतं पाणी होतं, पण त्यांनी ते मान्य केलं असं मला वाटलं नाही. बाटली त्यांनी दाराबाहेरच्या मांडणीवर ठेवली आणि खडूनं तिच्याखाली माझं नाव लिहिलं. वैशाली. मग मला आपादमस्तक पाहिलं. नखं, बांगड्या, केसांतला गजरा. गजरा काढायला लावला. "फुलावर किती बुरशी असती, माहीत हाय का?"

आमची लॅब जालना रोडच्या बाजूला, चिकलठाण्याच्या पुढं, एका औषध कारखान्याच्या मागच्या इमारतीत होती. मालक आणि मुख्य शास्त्रज्ञ एकच, साळुंके सर. ताई तिथं पेशी सांभाळायच्या. माणसाच्या शरीरातून कधीकाळी काढलेल्या आणि काचेच्या बशीत वाढत राहणाऱ्या पेशी. त्यांना दर दोन दिवसांनी खाऊ घालायचं, दाटी झाली की वेगळं करायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही. या शेवटच्या कामासाठी ताईंचा जन्म झाला होता असं सर म्हणायचे, आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे त्यांच्या सुरावरून कळायचं नाही.

ताई करमाडच्या. घरी मेंढरं होती. वडील वर्षातले सहा महिने कळप घेऊन बाहेर असायचे, आणि सुट्टीत ही मुलगी त्यांच्याबरोबर. घरात सगळ्यात आधी बी.एस्सी. झालेल्या याच. शहरात पंचवीस वर्षं राहूनही त्यांचं बोलणं करमाडचंच राहिलं होतं. एकदा त्यांनी मला सांगितलं, "मेंढरू ओरडलं तर वडील उठायचे नाय. शांत झालं तर उठायचे. म्हणायचे, हे गप काहून झालं?"

हा 'काहून', म्हणजे 'का', त्यांच्या तोंडात सतत असायचा. कुणी चांगला निकाल आणून दाखवला की बाकीचे "वा" म्हणायचे आणि ताई म्हणायच्या, "दिसतंय ते ठीक. पण काहून दिसतंय?" फोटो दाखवला तर बघायच्या नाहीत. "फोटो नको. प्लेट आण." रिक्षात बसताना ठिकाण दोनदा सांगायच्या आणि रिक्षावाल्याकडून एकदा वदवून घ्यायच्या. बँकेतून फोन आला की पलीकडच्याला त्याच्याच आईचं नाव विचारायच्या. डब्यातली भाजी कुणी दिली तर खायच्या, पण देणाऱ्यानं आधी खाल्ल्यावर.

त्यांची चेष्टा व्हायची. ती थांबली नव्या मशीनच्या वेळी.

पेशी ज्या उबदार कपाटात ठेवतात त्याला इन्क्युबेटर म्हणतात. आमच्याकडं नवा आला. बाहेरच्या पडद्यावर ठळक आकड्यात सदतीस अंश, निरोगी माणसाच्या अंगाइतकी ऊब. कंपनीचा इंजिनिअर सही घेऊन निघायच्या तयारीत होता. ताई मेडिकलच्या दुकानात गेल्या, ताप मोजायचा साधा पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन आल्या, आत ठेवला, दार लावलं आणि समोर स्टुलावर बसून राहिल्या. इंजिनिअर हसत होता. अर्ध्या तासानं ताईंनी थर्मामीटर काढून त्याच्यासमोर धरला.

"एकशे एक. मशीनला ताप आलाय, साहेब."

त्याचं हसू गेलं. त्यानं पुन्हा मोजलं, दुसऱ्या यंत्रानं मोजलं, आणि दुपारी नवा सेन्सर बसवून गेला. त्या मशीनमध्ये आमच्या पेशी महिनाभरात हळूहळू गेल्या असत्या आणि दोष कुणावर तरी आला असता. बहुधा माझ्यावरच.

आता लॅबचं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आम्ही लिपिड बनवायचो. लिपिड म्हणजे एक प्रकारची चरबीच, पण आमच्या लिपिडच्या डोक्यावर धन भार असायचा. ताईंनी मला ते पहिल्या आठवड्यात समजावलं होतं.

"हे बघ, जनुक म्हणजे डीएनए. त्याच्यावर ऋण भार. पेशीचं कातडंही ऋणच. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नायत. मग आपला लिपिड मधी जातो. त्याचा भार धन. तो डीएनएला पोटाशी धरतो, अन् पेशीलाही जाऊन चिकटतो. पेशी त्याला गिळती. झालं, जनुक आत."

"म्हणजे चांगलाच की."

"चांगला? दोन्हीकडं चिकटणारा हाय तो. त्याच्यावर नजर ठेवायची. साबणासारखाच असतो. आत जाताना कातडं फाडून गेला तर पेशीच मरती. मग जनुक पोचवून काय करायचं?"

जनुक पोचलं की नाही, हे कळायला एक सोय होती. आम्ही डीएनएमध्ये असं जनुक घालायचो, की ते पेशीत जाऊन काम करू लागलं तर पेशी हिरवी चमकते. मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या पेशी दिसल्या की समजायचं, माल पोचला.

सरांनी एका वर्षात सोळा लिपिड करून पाहिले होते. सतरावा चमकला. पहिल्या खेपेला प्लेटभर हिरवे ठिपके. शेजारी तुलनेसाठी ठेवलेली, चमक नसलेल्या डीएनएची ओळ पूर्ण काळी, जशी असायला हवी तशी. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी दिली. मग सतरा नंबर मोठ्या भांड्यात, जास्त प्रमाणात बनवला. एका स्थानिक वर्तमानपत्रात सरांची मुलाखत आली. आनुवंशिक आजारांवर आपल्या शहरात आशा, असं काहीतरी शीर्षक होतं.

ती मुलाखत वाचून शकीलभाई आले. लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचे व्यापारी. त्यांच्या मुलीचे, सानियाचे, स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत होते. जनुकातच बिघाड. हातात तपासण्यांची जाडजूड फाइल. सर त्यांच्याशी चांगलं बोलले. आत्ता नाही, पण दोन-तीन वर्षांत काहीतरी होईल, म्हणाले. शकीलभाई दर महिन्याला येऊ लागले. येताना पेढे आणायचे. ताई ते पेढे हातात घ्यायच्या नाहीत.

चौथ्या खेपेला ताईंनी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. मी हात धूत होते, ऐकू येत होतं.

"भाऊ, पोरीचे व्यायाम चालू हायत का? डॉक्टरांनी सांगितलेले?"

"अब क्या व्यायाम, मॅडम. साब बोले ना, दवा आ रही."

"कसलं औषध? आमच्या पेशी अजून काचेत नीट जगत नायत. पोरीच्या अंगात काय सोडणार आम्ही? हे पाच-दहा वर्षांत होईल, नायतर होणारही नाय. तुम्ही व्यायाम बंद करू नका."

शकीलभाईंचा आवाज चढला. "तुमको हर चीज में शक है. साब इतने बडे आदमी, वो झूठ बोलेंगे?"

"खोटं नाय बोलत. त्यांना खरं व्हावं असं वाटतंय. तसं वाटणाऱ्या माणसाचं बोलणं दोनदा तपासावं लागतं."

शकीलभाई रागानं गेले. त्यांनी सरांकडं तक्रार केली आणि सरांनी ताईंना माझ्यासमोर झापलं. आलेल्या माणसाची आशा तोडायचा तुम्हाला काय अधिकार, वगैरे. ताई ऐकून घेत राहिल्या. मला तेव्हा सरांचंच बरोबर वाटलं.

त्याच सुमारास पेशी मरायला लागल्या. सतरा नंबरचे प्रयोग मी करायचे. दुसऱ्या दिवशी बघावं तर निम्म्या पेशी गोल होऊन तरंगताहेत. उरलेल्या चमकत असायच्या आणि चमक जोरदार असायची, म्हणून सर निभावून न्यायचे. पण मरतात का? त्याच कपाटात वरच्या कप्प्यात ताईंच्या हातच्या पेशी मात्र टवटवीत.

सर एकदा मला केबिनमध्ये म्हणाले, "वैशाली, तुझा हात वाईट नाही. मग काय होतंय?"

"माहीत नाही, सर."

"ताईंना सतरा नंबर पहिल्यापासून पसंत नाही. तुला जाणवलं असेल. मी काही म्हणत नाही. जरा लक्ष ठेव."

बस, एवढंच. पण एकदा असं कानात पडलं की डोळे वेगळे होतात. ताई आमच्या आधी तासभर का येतात? त्यांच्या खणाला कुलूप का असतं? त्या खणात एक वही होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. मी जवळ गेले की बंद व्हायची. लॅबच्या वहीव्यतिरिक्त दुसरी वही कशाला? ज्या बाईकडून मी संशय घ्यायला शिकले, तिच्यावरच मी तो वापरायला लागले. आणि खरं सांगायचं तर मला त्यात सोयही होती. पेशी ताईंमुळं मरत असतील, तर माझ्यामुळं मरत नव्हत्या.

एक दिवस ताईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. माझीच प्लेट होती.

"हिरव्या फिल्टरमधून बघ."

पाहिलं. छान चमक.

त्यांनी फिल्टर बदलला. "आता लालमधून."

लाल फिल्टरमधूनही पेशी चमकत होत्या. फिकट, पण त्याच.

"आपल्या जनुकाचा हिरवा फक्त हिरव्यातच दिसायला पाहिजे," ताई म्हणाल्या. "मरणारी पेशी सगळ्यातच चमकती. खरं एकाच ठिकाणी दिसतंय बघ. खोटं सगळीकडं."

मी सरांना सांगितलं नाही, ताईंनीच सांगितलं. सर म्हणाले, थोडी अशी चमक असतेच. ताई म्हणाल्या, चमक नसलेल्या डीएनएची ओळ पुन्हा लावू. पहिल्या खेपेला लावली होती, ती जुन्या मालाची. मोठ्या भांड्यातल्या मालाची कुणी लावलीच नाही. सर म्हणाले, लावू. पुढच्या आठवड्यात ताईंनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सर चिडले. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीची माणसं सोमवारी सतरा नंबर बघायला येणार होती. सगळ्या लॅबचं पुढचं त्यावर होतं. "सोमवार होऊ दे, मग तुमच्या काय त्या ओळी लावत बसा."

सोमवारची प्लेट शनिवारी लावायची होती. चमक यायला दोन दिवस लागतात. मी सकाळी ट्यूबा बर्फात मांडल्या, नावं लिहिली आणि दुपारी जेवायला गेले. चमचा दाराबाहेरच्या मांडणीवरच्या पिशवीत राहिला म्हणून परत आले. दाराच्या काचेतून पाहिलं तर ताई माझ्या बर्फाच्या डब्यावर वाकलेल्या. त्यांनी दोन ट्यूबा उचलून खिशात टाकल्या. दुसऱ्या खिशातून दोन काढल्या, पेनानं त्यावर काहीतरी लिहिलं, आणि त्या जागी ठेवल्या.

मी मागं सरले. चमचा न घेताच जेवले. मग येऊन त्याच ट्यूबा वापरून प्लेट लावली. त्यांना त्याच वेळी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. आजही मला त्याचं कारण नीट देता येत नाही. घाबरले म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. आपल्याला वाटत होतं ते खरं निघालं, याचं एक समाधान असतं, ते होतं.

रविवारी फुलंब्रीला घरात मला काही सुचेना. सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या मी सरांना सांगून टाकलं.

सर पांढरे पडले. पाहुणे अकरा वाजता येणार होते. साडेनऊ झाले होते. त्यांनी ताईंना बोलावलं. मी केबिनच्या कोपऱ्यात उभी होते. माझं नाव सरांनी घेतलं नाही.

"ताई, शनिवारी तुम्ही ट्यूबा बदलल्या?"

"व्हय."

इतक्या सरळ उत्तराची सरांना सवय नव्हती. "का?"

"तीनदा मागितली ती ओळ लावली. प्लेटमधली खालची ओळ. त्यात चमकणारं जनुक नायच. दुसरंच डीएनए हाय. ती ओळ काळी निघाली तर सतरा नंबर खरा. मी सगळ्यांसमोर माफी मागते अन् जाते."

"मला सांगून लावायची होती!"

"सांगून लावली असती तर सोमवारच्या प्लेटमध्ये तुम्ही ठेवली असती का?"

सर उठले. आम्ही तिघं मायक्रोस्कोपच्या खोलीत गेलो. दिवा बंद केला. वरच्या ओळी सरांनी पाहिल्या. हिरव्या. मग प्लेट सरकवून खालची ओळ आणली.

ते कितीतरी वेळ डोळा काढेनात. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "बघ."

खालची ओळही हिरवी होती. वरच्याइतकीच. ज्या पेशींत हिरवं जनुक गेलंच नव्हतं त्या पेशी हिरव्या चमकत होत्या. आमचा सतरा नंबर, निदान मोठ्या भांड्यातला, पेशींना मारत होता, आणि त्या मरताना चमकत होत्या. तीच चमक आम्ही चार महिने यश म्हणून मोजत होतो. वरच्या कप्प्यातल्या ताईंच्या पेशींना सतरा नंबर लागलाच नव्हता. माझा हात वाईट नव्हता आणि ताईंचाही नव्हता.

ताईंच्या चेहऱ्यावर आनंद असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि हळू म्हणाल्या, "काळी निघायला पाहिजे होती हो, सर."

साळुंके सरांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्लेट आतल्या आत धुऊन टाकता आली असती. पाहुणे यायला अजून तास होता आणि हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. मी तेवढा तास त्यांच्याकडं संशयानं बघत होते, हेही कबूल करते. सर खाली गेले, पाहुण्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की आमचा निकाल चुकला आहे. ती माणसं अर्ध्या तासात निघून गेली. दुपारी सरांनी लासूरला शकीलभाईंनाही फोन केला. तो फोन खूप लांबला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी ताईंना बोलावलं.

"तुमचं बरोबर निघालं, ताई. पण ट्यूबेवर लिहिलेलं नाव खरं आहे, यावरच ही लॅब चालते. ते तुम्ही मोडलंत. उद्या कुणीही म्हणेल, माझं बरोबर होतं म्हणून बदललं. मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"नायच ठेवता येणार," ताई म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर सकाळीच काढलं असतं. ट्यूबा बदलणारी बाई कुणाला पाहिजे?"

त्यांनी खणाची चावी टेबलावर ठेवली. खणातली वही मला दिली. मी ती नंतर घरी वाचली. सतरा नंबरच्या माझ्या प्रत्येक प्लेटची त्यात नोंद होती. मेलेल्या पेशी, लालमधली चमक, तारखा. आणि दर दोन-तीन पानांनी एक वाक्य, थोड्याफार फरकानं तेच: 'पोरीचा हात चांगला आहे. दोष मालात असावा. नक्की नाही.'

त्यानंतर मी सहा वर्षं त्या लॅबमध्ये होते. सतरा नंबर आम्ही टाकून दिला. पुढं आम्ही असा लिपिड केला की पेशीत शिरल्यावर त्याची शेपटी तुटते आणि तो निरुपद्रवी होतो. त्याची चमक सतराच्या मानानं अगदी बेताची. पण लाल फिल्टरमध्ये काळोख. शकीलभाई लॅबमध्ये परत आले नाहीत. मात्र त्यांनी ताईंचा नंबर माझ्याकडून मागून घेतला, आणि सानियाच्या तपासण्यांचे कागद ते ताईंनाच दाखवत असत, असं मला कुणीतरी सांगितलं.

ताईंनी करमाडला एका रक्त-लघवी तपासणीच्या छोट्या लॅबमध्ये काम धरलं. मी भेटायला जाईन म्हणत गेले नाही.

मागच्या वर्षी एका लग्नाहून परतताना आमची गाडी करमाडच्या फाट्यावर चहासाठी थांबली. दुपारची वेळ होती. ताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, काळी-पिवळी जीप येण्याची वाट बघत. केस पांढरे झालेले. हातात पिशवी. मी धावत गेले, पाया पडले. त्यांनी आधी मला नीट पाहिलं आणि मग ओळख दाखवली.

घरचं, कामाचं, सरांच्या तब्येतीचं बोलणं झालं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वैशाली, त्या दिवशी सरांना सांगितलं कुणी गं?"

"मला नाही माहीत, ताई."

हे माझ्या तोंडून इतक्या पटकन गेलं, की आधीपासून तयार करून ठेवल्यासारखं.

"असू दे. ज्यानं सांगितलं त्यानं बरोबरच केलं. मी पाहिलं असतं तर मीही सांगितलं असतं." त्या पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "मग तुझं तोंड काहून उतरलं?"

तेवढ्यात जीप आली. माणसं खच्चून भरलेली. ताई मागच्या दारातून चढल्या, दोन बायांच्या मध्ये जागा करून बसल्या. जीप हलली आणि मी म्हणाले, "मीच सांगितलं, ताई."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, जागेसाठी कुणीतरी भांडत होतं. ताईंनी हाताचा पेला करून कानाला लावला आणि पुढं वाकल्या.

मी पुन्हा बोलले नाही. जीप जालन्याच्या दिशेला वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात तसाच कानाला होता, आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.